गिअर बदलताना गचका बसतो? पायाकडे नको, हातांकडे लक्ष द्या

प्रश्न : बरीच वर्षं मी बिनगिअरची स्कूटर चालवली. दोन महिन्यांपूर्वी पाच गिअरची, 150 सीसीची मोटरसायकल घेतली. गाडी चालते, पण दर गिअरला गचका बसतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तर मागे बसलेल्या बहिणीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं. सिग्नल जवळ आला की घाबरून मी एकदम दोन-तीन गिअर पाडते आणि क्लच सोडला की मागचं चाक घसरल्यासारखं वाटतं. थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, मागचे हॉर्न वाजवत राहतात. घरातले सगळे एकच सांगतात, ‘पाय हलका ठेव.’ आता आणखी किती हलका ठेवू? माझ्यात काही कमी आहे, की गाडीतच दोष आहे? सरळ स्कूटरवर परत जावं का?

उत्तर : स्कूटरवर परत जायची अजिबात गरज नाही. तुमच्या पत्रात तुमच्या अडचणीचं कारणही आहे आणि उपायही. तुम्हीच लिहिलं आहे, ‘क्लच सोडला की मागचं चाक घसरल्यासारखं वाटतं.’ म्हणजे पायाने गिअर पाडला तेव्हा काही झालं नाही, डाव्या हाताने क्लच सोडला तेव्हा झालं. गचका बहुतेक वेळा याच क्षणी जन्माला येतो. पायावर एवढी मेहनत घेऊनही फरक पडला नाही, याचं कारण हेच.

गाडीच्या आत काय घडतं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. इंजिन एका वेगाने फिरत असतं. मागचं चाक दुसऱ्या वेगाने फिरत असतं. दोघांच्या मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स. बहुतेक मोटरसायकलींत क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्यांची चळत असते. एक घर्षणाची चकती, एक पोलादी, पुन्हा एक घर्षणाची, अशा त्या एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. तुम्ही क्लच दाबता तेव्हा स्प्रिंगांचा दाब सुटतो, चकत्या मोकळ्या होतात आणि इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. पायाने लिव्हर हलवलं की एक फोर्क गिअरला जरासा बाजूला सरकवतो, त्याच्या अंगावरचे जाड दात शेजारच्या गिअरच्या खाचांत जाऊन बसतात, संपलं. पायाचं काम एवढंच, आणि ते पापणी लवायच्या आत होतं.

खरी गंमत त्यानंतर. क्लच सुटू लागतो, चकत्या पुन्हा एकमेकींना धरू लागतात आणि इंजिन व चाक यांना एका मापात फिरावंच लागतं. दोघं आधीच जुळलेल्या वेगाने फिरत असतील तर काहीच जाणवत नाही. इंजिन जास्त जोरात फिरत असेल तर गाडी पुढे झेपावते. इंजिन मंद असेल तर गाडी मागे खेचल्यासारखी अडते. दोन्हींना आपण गचकाच म्हणतो, पण ते उलट दिशांचे आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. म्हणून दुरुस्ती सुरू करण्याआधी आपला गचका कोणता ते ओळखायचं.

तुमचा मी पत्रावरूनच ओळखू शकतो. बहिणीचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं, म्हणजे ती पुढे फेकली जाते, म्हणजेच गाडी अडते. इंजिन जोरात असतं तर गाडी पुढे झेपावली असती आणि बहिणीचं डोकं मागे गेलं असतं. तेव्हा पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तुमचं इंजिन फार मंद झालेलं असतं. आकडे घालून बघू. समजा पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी 15-16 किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेतंय. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला साधारण 2500 फेरे लागतील. म्हणजे बदल करताना इंजिन 4000 वरून 2500 पर्यंत उतरायला हवं, आणि तिथेच त्याला गाठायला हवं. तुम्ही मात्र ॲक्सिलरेटर पूर्ण सोडता, सावकाश क्लच दाबता, ‘हलक्या’ पायाने लिव्हर चाचपता, तोवर इंजिन उतरत उतरत 1400 च्या आसपास, आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता ते जेवढं फिरतं तिथे, येऊन बसतं. मग क्लच सुटतो. चाक म्हणतं 2500, इंजिन म्हणतं 1400. हेल्मेट आपटतं ते यामुळे.

आणखी एक शक्यता आहे, तीही तपासा. क्लच दाबायच्या आधीच ॲक्सिलरेटर झटकन बंद होत असेल, तर पहिल्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग लागतं, म्हणजे मंदावणारं इंजिनच गाडीला मागे खेचतं. ते सगळ्या गिअरांत सर्वांत कडक असतं, त्यामुळे गिअर बदलायच्या आधीच एक गचका बसून जातो. बहिणीला सांगा, गचका एक बसतो की दोन, तेवढं सांग. मागे बसणाऱ्याला हे चालवणाऱ्यापेक्षा जास्त नेमकं कळतं.

हे सगळं तुमच्याकडूनच का होतंय, याचंही उत्तर पत्रात आहे. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये पट्टा आणि सरकत्या पुल्या असतात, क्लच आपोआप लागतो आणि सुटतो, गिअरच्या पायऱ्याच नसतात. तिथे उजव्या हाताला दोनच गोष्टी माहीत असतात : पिळायचं आणि सोडायचं. डाव्या हाताला तर आणखी वेगळी सवय लागते, कारण स्कूटरवर डाव्या हाताखाली ब्रेक असतो. ब्रेकचं काम झालं की आपण तो एकदम सोडून देतो, हळूहळू सोडत बसत नाही. तोच हात आता क्लचवर आला आहे आणि क्लचही तो ब्रेकसारखाच एकदम सोडतो. यात तुमच्यातली काही कमी नाही. वर्षानुवर्षांची चांगली बसलेली सवय चुकीच्या जागी चालली आहे, इतकंच.

आणि या सवयीचा एक धोका आहे, तो मला गचक्यापेक्षा मोठा वाटतो. समोर अचानक काही आलं की डावा हात ब्रेक समजून क्लच दाबतो. मोटरसायकलवर त्याने गाडी थांबत नाही, उलट इंजिनाचा धरून ठेवणारा जोर जातो आणि गाडी मोकळी धावत राहते. घाईच्या थांबण्याचा सराव त्यासाठी वेगळा करा. रिकाम्या जागी, कमी वेगात, उजव्या हाताने पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाने मागचा, दोन्ही एकत्र, चढत्या दाबाने, क्लचही दाबलेला. त्या वेळी गिअरचा विचारही करायचा नाही. कोणत्याही गिअरमध्ये थांबलात तरी चालेल. क्लच दाबून धरलेला असेल तर गाडी फार तर गिअरमध्ये अडकून उभी राहील, ते नंतर निस्तरता येतं.

आता शिकायचं कसं. गिअर बाजूला ठेवा, आधी फक्त क्लच. मोकळी, सपाट जागा शोधा. इंजिन गरम होऊ द्या. पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला हातही लावू नका. क्लच इतका सावकाश सोडा की लिव्हर हलतंय की नाही अशी शंका यावी. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसेल, हँडलमध्ये बारीक थरथर येईल आणि गाडी पुढे सरकू पाहील. हीच ती जागा जिथे क्लच धरायला लागतो. तिथे आलात की पुन्हा क्लच दाबा. पुन्हा सोडा, पुन्हा दाबा. गाडी वीतभर पुढे सरकेल आणि थांबेल. हे डोळे समोर ठेवून करायचं, हाताकडे बघून नाही. थोड्या वेळाने ती जागा बोटांना आपोआप सापडू लागते. मग त्याच जागेवर क्लच धरून गाडीला माणसाच्या चालीने चालवा, अजूनही ॲक्सिलरेटरशिवाय. मोटरसायकलचा क्लच तेलात असल्यामुळे एवढं घासणं तो सहन करतो, तरी सलग फार वेळ नको. मधूनमधून न्यूट्रल करून हातालाही आणि क्लचलाही विसावा द्या.

हा सराव कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो टाळतात. तुम्ही टाळू नका. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं या एका जागेच्या ओळखीवर उभं आहे. यूटर्न, चढावरची सुरुवात, गर्दीतली रांग, सगळीकडे हीच ओळख कामाला येते.

हात बसला की वरचे गिअर. पहिल्यात गाडी नीट चालू लागली, आवाज चढला, की बुटाचा पुढचा भाग लिव्हरखाली आधीच नेऊन ठेवा, अगदी जरासा वरचा दाब देऊन. मग उजव्या हाताचं सोडणं आणि डाव्या हाताचं दाबणं एकाच वेळी. एक आधी, एक नंतर नाही, एकाच वेळी. त्याच क्षणी पाय वर. इथे पाय हलका अजिबात नको. ठाम हवा, झटपट हवा. आपटायचा नाही, पण लिव्हर पूर्ण वर जाऊन टेकेपर्यंत उचलायचा. अर्धवट उचललेलं लिव्हर दात अर्धवट बसवतं आणि गिअर लागल्यासारखा वाटून निसटतो. इंजिन रिकामं ओरडतं, गाडी ओढत नाही. वरच्या गिअरांच्या मध्ये हे झालं तर त्याला खोटा न्यूट्रल म्हणतात आणि ‘पाय हलका ठेव’ हा सल्ला नेमका तिथे नेऊन पोचवतो. असं झालंच तर घाबरू नका. क्लच दाबा आणि लिव्हर पुन्हा पूर्ण वर उचला.

गिअर बसला की क्लच सोडायला लगेच सुरुवात. क्लच लिव्हरचा पहिला मोकळा भाग पटकन सोडा, धरण्याच्या जागेवर एक निमिष हात अडवा, आणि तिथेच उजव्या हाताने ॲक्सिलरेटर हळू पिळायला लागा. मग उरलेला क्लच सोडून द्या. पाय तोवर गिअर लिव्हरवरून काढू नका. क्लच सुटू लागला की मगच काढा, नाहीतर गिअर निसटू शकतो. काढल्यावर मात्र पूर्ण काढा आणि फूटरेस्टवर ठेवा. पाय लिव्हरखाली विसावत ठेवायची सवय लागली तर खड्ड्यात नको तेव्हा गिअर पडतो.

एवढं वाचून हे लांबलचक प्रकरण वाटेल. प्रत्यक्षात सगळं मिळून एका सेकंदात आटोपतं, आणि आटोपलंच पाहिजे. सावकाश म्हणजे सुरळीत, हा नव्या चालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. वर जाताना रेंगाळलात की इंजिन आयडलिंगला उतरणार. पहिल्या-दुसऱ्यात घाई जास्त महत्त्वाची नाही असं वाटतं, पण उलट आहे. त्या दोन गिअरांतली पायरी सर्वांत उंच असते. चौथ्यावरून पाचव्यावर जाताना 4000 चे साधारण 3400 होतात, एवढाच फरक. म्हणून वरच्या गिअरांत हात थोडा चुकला तरी गाडी माफ करते, पहिल्या-दुसऱ्यात करत नाही. त्यावरचा एक सोपा उपाय : पहिला गिअर फक्त गाडी हलवायला वापरा. गाडीने चाल धरली की लगेच दुसरा टाका. पहिल्यात फार पिळलंच नाही तर उतरायलाही फार उरत नाही.

गिअरची मांडणी मी एक खाली आणि बाकीचे वर अशी धरली आहे. काही गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेला असतात, काहींत टाचेने टाकायलाही लिव्हर असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आकृती असेल, ती बघून पायाची दिशा ठरवा. हातांचं काम सगळीकडे सारखंच.

आता गिअर पाडण्याकडे येऊ. इथे जास्त वेळ घालवतो, कारण गचका वर जाताना बसला तर लाज वाटते, खाली येताना बसला तर माणूस पडू शकतो. वर जाताना इंजिनाला उतरायचं असतं आणि ते आपोआप उतरतं. खाली येताना त्याला चढायचं असतं, आणि ते आपोआप चढत नाही. तिसऱ्यात 3000 फेऱ्यांवर असाल तर त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण 4100 लागतात. तुम्ही ॲक्सिलरेटर बंद करून गिअर पाडला, इंजिन 1400 वर आलं आणि क्लच एकदम सुटला, तर मधले 2700 फेरे कोण भरून काढणार? मागचं चाक. इंजिनाला फिरवत नेण्याचं ओझं त्याच्यावर पडतं. त्यात तुम्ही ब्रेक लावलेला असतो, गाडीचं वजन पुढच्या चाकावर गेलेलं असतं, मागचं चाक हलकं झालेलं असतं. त्याची जमिनीवरची पकड संपते आणि ते घसरतं किंवा टणटण उडतं. तुम्ही तर एकदम दोन-तीन गिअर पाडता, म्हणजे तफावत आणखी मोठी. ओल्या रस्त्यावर किंवा बारीक वाळूवर तर हे आजपासूनच बंद करा.

पहिली गोष्ट, गाडी हळू करणं हे ब्रेकचं काम आहे. गिअर फक्त कमी झालेल्या वेगामागोमाग खाली येतात. सिग्नल दुरून दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, दोन्ही ब्रेक हळू लावायला सुरुवात करा, वेग उतरला की एक गिअर पाडा, क्लच सावकाश सोडा, गाडीने तो गिअर शांतपणे घेतला का ते बघा. मग पुढचा. एका वेळी एकच. खाली येताना क्लच सोडणं वर जातानापेक्षा बरंच सावकाश हवं, धरण्याच्या जागेवर जास्त वेळ रेंगाळणारं. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे. घसरल्यासारखं वाटणं यानेच बंद होईल.

दुसरी गोष्ट घाई न करता, नंतर शिका : क्लच दाबलेला असतानाच इंजिनाला वर नेऊन ठेवणं. फिरणाऱ्या दोरीत उडी मारून शिरणारी मुलगी आधी दोरीचा ताल धरते, मग आत जाते. इंजिनालाही चाकाचा ताल आधी धरायला लावायचा. याला लोक ‘थोडी रेस देऊन गिअर पाडणं’ म्हणतात. सुरुवात अशी करा. रिकामा सरळ रस्ता, ब्रेक न लावता, तिसऱ्यात मध्यम वेग. ॲक्सिलरेटर सोडू नका, आहे तिथेच किंचित पिळलेला ठेवा. क्लच दाबा. इंजिनावरचा भार गेल्यामुळे ते स्वतःच थोडं वर चढेल. त्या चढत्या आवाजात दुसरा पाडा आणि क्लच सोडा. बरोबर जमलं तर फक्त आवाज बदलतो, गाडीला काही कळतही नाही. पहिल्यांदा असं जमतं तेव्हा जो आनंद होतो तो सांगून समजणार नाही, तुम्ही स्वतःच घ्या. हे हातात बसल्यावर क्लच दाबलेला असताना मनगटाचा एक छोटा झटका देऊन तेच साधता येतं. ब्रेक लावता लावता तोच झटका देणं ही त्याच्या पुढची पायरी आहे. पुढचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच हातात असल्यामुळे ब्रेकचा दाब कमीजास्त होतो, तेव्हा तिची घाई नको.

काही नव्या गाड्यांत गिअर पाडताना मागच्या चाकाचा उलटा जोर ठराविक मर्यादेपलीकडे गेला की स्वतःहून घसरणारा स्लिपर क्लच असतो, काहींत क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर असतो. तुमच्या गाडीत असले तरी आधी हात तयार करा. त्या सोयी चुका झाकतात आणि शिकायच्या काळात चुका दिसायला हव्यात.

न्यूट्रल. तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध, अर्ध्या पायरीवर असतो. गाडी पूर्ण थांबल्यावर तो सापडत नाही, यात तुमचा दोष नाही. गिअरबॉक्सचे दांडे फिरायचे थांबलेले असतात, दात खाचांच्या भिंतींना दाबून बसलेले असतात आणि सरकायला तयार नसतात. म्हणून न्यूट्रल थांबायच्या आधी घ्या. शेवटचे चार-पाच हात अंतर उरलं असताना, गाडी अजून सरकत असताना, क्लच दाबून दुसऱ्यावरून लिव्हरला खाली हलकासा स्पर्श द्या. सबंध खेळात पाय खरंच हलका लागतो तो इथे. थांबल्यावरच शोधायची वेळ आली, तर पहिल्यात, ब्रेक दाबून, क्लच धरण्याच्या जागेपर्यंत किंचित सोडा आणि त्याच वेळी बुटाने लिव्हर अलगद वर उचला. दातांवरचा दाब सैल झाला की ते सुटतात. मीटरवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला तरी ब्रेक धरून क्लच सावकाश सोडून खात्री करा. दिवा लागलेला असूनही गिअर पूर्ण सुटलेला नसेल तर गाडी उडी मारते.

पण सिग्नलला थांबताक्षणी न्यूट्रल करायची घाई का? मागची गाडी थांबलेली आरशात दिसेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून राहा. मागून कुणी वेगात येत असेल तर तुम्हाला निसटायला हवं. तो थांबला आणि सिग्नलला वेळ आहे असं दिसलं की मग न्यूट्रल, हाताला विश्रांती. पुन्हा निघताना पहिला बसत नसेल तर लिव्हरवर लाथ मारू नका. क्लच सोडा, परत दाबा, मग टाका. दात थोडे हलतात आणि बसतात. सकाळी थंड गाडीला पहिला टाकताना ‘खट्ट’ आवाज येतो, तो मात्र नेहमीचाच. गार तेलाने चकत्या चिकटलेल्या असतात. क्लच दोन-तीन सेकंद दाबून धरून मग गिअर टाकला तर आवाज कमी होतो.

कोणता गिअर कधी, हे काट्यापेक्षा कानाने ठरवा. पुस्तिकेत प्रत्येक गिअरसाठीचा वेग दिलेला असतो, तो एकदा वाचून ठेवा, पण चालवताना नजर रस्त्यावर हवी. पिळूनही गाडी पिकअप घेत नाही, बुडाखालून धडधड येते, इंजिन ठोके देतं, म्हणजे वरच्या गिअरमध्ये आहात, एक पाडा. चढ समोर दिसला की चढायच्या आधी पाडा, धापा टाकायला लागल्यावर नाही. वळणाचंही तसंच : ब्रेक, गिअर, सगळं सरळ रस्त्यावर उरकून घ्या आणि क्लच पूर्ण सोडूनच गाडी वळणात घाला. झुकलेल्या गाडीला बसलेला गचका वेगळ्याच जातीचा असतो.

बहिणीला काही दिवस उतरवा. तिला राग येणार नाही, हेल्मेट तिचंही आपटत होतं. मागे वजन आलं की गाडी हलवायला जास्त रेस लागते, थांबायलाही जास्त अंतर लागतं, आणि नुकता बसत असलेला हात परत गोंधळतो. एकटीने गिअर सुरळीत जमू लागले, गर्दीतही पायाकडे बघावं लागत नाही असं झालं की तिला परत बसवा. सराव रोज थोडाथोडा करा. बोटं दुखायला लागली की थांबा, थकलेला डावा हात क्लच पुन्हा एकदम सोडायला लागतो.

राहिला गाडीचा प्रश्न. तुमचा हात आणि गाडी यांत दोष कुणाचा, हे ठरवायला एखाद्या अनुभवी, सावध चालकाला तीच गाडी चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा. त्याच्या हातूनही पहिल्या-दुसऱ्यात गचका बसत असेल तर गाडी तपासून घ्या. क्लच लिव्हरच्या टोकाला मोकळी हालचाल किती आहे ते बघा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती 10 ते 20 मिलिमीटर सांगितलेली असते. फार जास्त असेल तर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कुरकुरत बसतो, न्यूट्रल सापडत नाही. मोकळी हालचाल उरलीच नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही आणि त्याच्या चकत्या जळतात. लिव्हर तुमच्या बोटांना लांब पडत असेल तर त्याची जागा बदलून घ्या. गिअर लिव्हरची उंचीही बघा. फूटरेस्टवर पाय ठेवल्यावर घोटा न मुरगळता बूट त्याच्याखाली जायला हवा. जाड बूट घालत असाल तर लिव्हर थोडं वर घ्यावं लागतं. चपलेवर गिअर टाकू नका, पट्टा अडकतो.

ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं आहे तेच हवं. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं असलं म्हणजे ते ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठी योग्य असतं. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात आणि त्यांनी क्लच घसरू लागतो. आणि चेन. ती ढिली असली की ॲक्सिलरेटर सोडताना-पिळताना आधी ढिलाई भरून निघते, मग ती ताणली जाते, आणि हात कितीही चांगला असला तरी खाडकन गचका बसतो. इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, खालच्या बाजूला मधोमध चेन बोटाने वरखाली करून बघा. साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलायला हवी. नेमका आकडा, आणि मोजताना गाडी कोणत्या स्टँडवर हवी ते, पुस्तिकेत असतं. चाक हाताने थोडं थोडं फिरवत तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे ती सर्वांत घट्ट लागेल तिथलं माप धरून ताण बसवून घ्या.